बंपरची काळी पट्टी गाडीच्या रंगात: उतरवण्यापासून पीपीएफपर्यंत (रंग जपणारी पारदर्शक फिल्म)

मेटलवरचा रंग नीट ठेवला तर दहा-बारा वर्षं चमकतो, पण बंपरवरचं काळं प्लास्टिक पुण्याच्या चार उन्हाळ्यांत राखाडी पडतं. साध्या हॅचबॅकवर ते खपून जातं. दोन दारांच्या, जमिनीलगत बसणाऱ्या गाडीचा मात्र अर्धा चेहरा म्हणजे बंपरच, त्यामुळे तिथली विटलेली पट्टी लांबूनही डोळ्यांत खुपते. मग ती बॉडीच्या रंगात करून घ्यायचं ठरतं आणि चर्चा सुरू होते शेडची.

शेड महत्त्वाची आहेच. पण शेड चुकलेल्या पट्ट्या मी कमी पाहिल्यात, रंगाचे पापुद्रे सुटलेल्या पट्ट्या खूप. वर्षभरात प्रेशर वॉशरच्या फवाऱ्यानं कडेचा तुकडा उडतो, खाली काळं प्लास्टिक दिसतं आणि दोष पेंटरच्या स्प्रे गनला दिला जातो. खरं तर गन हातात घेण्याआधी जे धुणं आणि घासणं व्हायला हवं होतं, ते झालेलं नसतं. कुठल्याही गॅरेजात याच कामाला सगळ्यात कमी वेळ मिळतो, कारण त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. म्हणून माझा सल्ला असा: उतरवणं, धुणं, घासणं आणि परत बसवणं घरी करा, गन आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक, चमकदार थर) पेंटरवर सोपवा. पुढच्या पायऱ्या याच वाटणीनं लिहिल्या आहेत.

रंगवायचं काय, सोडायचं काय

फॉग लॅम्पच्या चौकटी, बाजूची मोल्डिंग, ग्रिलची बाहेरची कड आणि टो हूकचं (गाडी ओढायच्या हूकचं) छोटं झाकण हे सगळं खुशाल रंगवा. सगळ्यात खालचा लिप, म्हणजे बंपरची तळाची कड, मात्र काळाच राहू द्या. सोसायटीचा रॅम्प, कुणीतरी हौसेनं घातलेला गल्लीतला स्पीडब्रेकर, पावसाळ्यानंतरचे खड्डे, यांतल्या कशावर तरी तो घासणारच. दाणेदार काळं प्लास्टिक घासलं तर वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. लाल क्लिअरकोट घासला की पांढरी रेघ उमटते आणि ती रोज सकाळी दिसते.

मागच्या डिफ्यूझरबाबत (मागच्या बंपरच्या तळाचा भाग) एक्झॉस्टचं टोक कुठे आहे ते बघा. टोकाला चिकटून असलेल्या भागावर, विशेषतः टर्बो गाडीत, घाट चढून आल्यावर हात ठेववत नाही. तिथला रंग आधी पिवळट होतो, मग फुगतो. तेवढा भाग मास्क करून (टेप-कागदानं झाकून) काळा ठेवला तर दिसायलाही वाईट दिसत नाही.

पार्किंग सेन्सर असतील तर त्यांच्यावर जाड थर चढवू नका. एखादा पातळ हात चालतो, त्याहून जास्त रंग बसला की सेन्सर उगाच ओरडतो किंवा मुका होतो. त्यांच्याभोवतीची रबरी रिंग तर रंगवायचीच नाही. नव्या गाड्यांत लोगोमागे किंवा ग्रिलच्या पट्टीमागे रडार असतं. त्याच्यासमोरच्या झाकणावर मेटॅलिक रंग किंवा पुट्टी नको. मेटॅलिक रंगातले ॲल्युमिनियमचे कण रडारच्या लहरी अडवतात.

आणखी एक निर्णय आत्ताच घ्या. पट्टी दाणेदार असेल तर रंगानंतर ती गुळगुळीत हवी की दाणेदारच? दाणे तसेच ठेवून वर रंग मारला तर पट्टी बॉडीच्या रंगाची होते, पण बॉडीसारखी दिसत नाही. छोट्या चौकटींचे दाणे घासून काढायला हरकत नाही. चाकांच्या कमानीएवढं मोठं क्लॅडिंग (बॉडीवरचं प्लास्टिकचं आवरण) असेल तर घासण्याच्या भानगडीत पडू नका. कंपनीचा गुळगुळीत, प्रायमर मारलेला पार्ट मिळतोय का ते विचारा, नाहीतर व्हिनाइल रॅप करा, म्हणजे रंगीत चिकट फिल्म चढवा.

नवा पार्ट सहज मिळणाऱ्या गाडीला हा मार्ग खरंच सोयीचा आहे. पण उदाहरणार्थ २०१५ मध्ये आलेली, आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली अबार्थ पुंटो घ्या. फियाटच्या गाड्या आपल्याकडे विकल्या जाणं बंद होऊन काही वर्षं झाली. अशा गाडीची मूळ पट्टी तुटली तर शोधाशोध अटळ, त्यामुळे तिथे आहे तीच पट्टी जपून रंगवायची.

प्लास्टिकची जात ओळखा

पट्टी उतरवली की पाठीमागे उंचवट्याच्या अक्षरांत तिची जात लिहिलेली असते. बंपर आणि बहुतेक मोल्डिंगवर ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन) आणि ‘ईपीडीएम’ (एक रबर) अशी जोडी सापडते, पुढे टॅल्क (मिसळलेली खनिज भुकटी) किती टक्के आहे त्याचा आकडा. ग्रिल आणि चकचकीत तुकडे बहुधा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे किंवा एबीएस-पीसी मिश्रणाचे असतात.

हा फरक कामाचा आहे. एबीएसला रंग सहज धरतो, पण कडक थिनर त्याला चावतो आणि बारीक तडे पडतात. पीपीचं उलटं आहे. थिनरनं त्याला काही होत नाही, पण त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की कशालाच ते चिकटू देत नाही. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावरून ज्योत फिरवतात ती याचसाठी. ज्योतीनं वरचा थर बदलतो आणि रंगाला पकड मिळते. आपल्याकडे ज्योतीच्या जागी ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारं द्रावण, असतं. अक्षरं पुसली गेली असतील तर पाठीमागून नखाएवढा कपचा काढून पाण्यात टाका. तरंगला तर पीपीच्या घराण्यातला, बुडाला तर बहुतेक एबीएस. टॅल्क जास्त असेल तर ही चाचणी फसू शकते, पण अंदाज येतो. तरीही शंका राहिली तर पीपी समजूनच काम करा.

कोड मिळाला म्हणजे शेड मिळाली असं नव्हे

ऑडी, फोक्सवॅगन, स्कोडात रंगाच्या कोडचा स्टिकर डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्याजवळ किंवा सर्व्हिस बुकात असतो. उदाहरणार्थ डीप ब्लॅक पर्लचा एलसी९एक्स. बीएमडब्ल्यूत बॉनेट उघडल्यावर दिसतो, अल्पाइन व्हाइट म्हणजे ३००. मस्टँगसारख्या फोर्डमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर. पोर्शेत पुढच्या झाकणाखाली बघा.

एकाच कोडच्या शेडची कंपनीकडून बाहेर पडतानाच दोन-चार रूपं असतात. कुठलं थोडं पिवळ्याकडे झुकलेलं, कुठलं निळ्याकडे. त्यात तुमची गाडी काही वर्षं उन्हात उभी राहिलेली. म्हणून ज्याच्याकडे रंगकंपनीचं मिक्सिंग मशीन आणि शेड मोजायचा स्पेक्ट्रो आहे, असंच दुकान गाठा. गाडी नेणं शक्य नसेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून न्या. दोन मिनिटांत निघतं, आणि गाडीच्या कुशीवरचा खरा, उन्हात मुरलेला रंग दुकानदाराच्या हातात पडतो. मोजण्याआधी झाकण कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारून स्वच्छ करा, नाहीतर मशीन धूळ मोजेल.

मग पेंटरला सांगा, “दादा, आधी कार्ड मारून दाखवा.” चांगला पेंटर यावर नाराज होत नाही. कार्डावर बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) आणि क्लिअर दोन्ही मारून, ते सुकवून, बंपरशेजारच्या फेंडरला टेकवून बघायचं. बघायचं ते उन्हात. ट्यूबलाइटखाली सगळे रंग जुळतात. मेटॅलिक असेल तर समोरून, तिरकं आणि खाली बसून अशा तिन्ही कोनांतून बघा, कारण समोरून जुळलेली चांदी बाजूनं काळवंडलेली निघू शकते. पर्ल व्हाइटमध्ये बेसवर पर्लचा वेगळा थर असतो आणि पर्लचे दोन हात की तीन, यावर शेड बदलते. तिथे एकाच कार्डावर एक, दोन, तीन, चार हातांचे पट्टे मारून घ्या आणि जुळणारा आकडा पेंटरकडून लिहून घ्या.

पट्टी उतरवणं

गाडीवर ठेवून, भोवती कागद चिकटवून रंगवलेली पट्टी कधीही नीट होत नाही. कडेला रंगाची पायरी राहते आणि पहिला पापुद्रा तिथूनच सुटतो. त्यामुळे पट्टी उतरवाच.

स्क्रू बहुतेक टॉर्क्सचे (चांदणीच्या खाचेचे) असतात, टी२०, टी२५, टी३०. काही चाकाच्या आतल्या लायनरमागे लपलेले. क्लिप सोडवायला प्लास्टिकचं चपटं अवजारच वापरा, स्क्रूड्रायव्हर घातला की बॉडीचा रंग उडालाच म्हणून समजा. थंडीतल्या सकाळी क्लिप ठिसूळ असतात. हेअर ड्रायरनं कोमट करून मग ओढा. तरी दोन-चार तुटतील. नाना पेठेत क्लिपांचे ढीग मिळतात, जुनी नमुन्याला घेऊन जा आणि लागतील त्यापेक्षा जास्त आणा.

सेन्सर किंवा फॉग लॅम्पचे कनेक्टर काढले असतील तर परत लावेपर्यंत इग्निशन ऑन करू नका, नाहीतर फुकटचे फॉल्ट कोड साठतात. बंपर सोडवायची वेळ आलीच तर नंबर प्लेटकडे लक्ष द्या. हाय सिक्युरिटी प्लेटचे स्नॅप लॉक एकदाच बसतात, तोडले की पुन्हा फिटमेंटच्या मागे लागावं लागतं. प्लेट आहे तिथेच ठेवून झाका.

काही मोल्डिंग फोमच्या दुहेरी टेपवर बसलेली असतात. ड्रायरनं गरम करून मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढला की टेप कापत जाते. प्रत्येक पट्टीच्या पाठीमागे मार्करनं ‘पुढे डावी’, ‘पुढे उजवी’ असं लिहा आणि तिचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा.

धुणं: इथे घाई करू नका

आपल्याकडे गाडी धुवायला दिली की शेवटी एक मुलगा स्पंजला तेलकट पांढरं पॉलिश लावून टायरवर आणि त्याच स्पंजनं बंपरच्या प्लास्टिकवर हात फिरवतो. ते पॉलिश बहुतेकदा सिलिकॉनचं असतं. दाणेदार प्लास्टिकच्या खळग्यांत वर्षानुवर्षांचं सिलिकॉन जमलेलं असतं आणि रंगाचा एवढा मोठा शत्रू दुसरा नाही. क्लिअरचा हात मारल्यावर अर्ध्या मिनिटात पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे उघडतात, मधोमध खालचा थर दिसतो. त्याला फिश आय म्हणतात. एकदा आले की वरून कितीही हात मारा, बुजत नाहीत. सगळं घासून परत सुरुवात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि ताठ ब्रश; दोन्ही बाजू, कडा, खाचा. खळखळून धुवा, परत तेच करा. सुकल्यावर वॅक्स आणि ग्रीज काढणारं द्रावण, ज्याला पेंटच्या दुकानात पॅनेल वाइप किंवा डीग्रीझर म्हणतात. दोन फडकी घ्या: एकानं ओलं करायचं, दुसऱ्या कोरड्यानं ते उडून जायच्या आत पुसायचं. एकच फडकं गोल गोल फिरवलं तर सिलिकॉन निघत नाही, फक्त जागा बदलतं. फडकं प्रत्येक वेळी नव्या घडीनं वापरा. फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेलं चालणार नाही, कारण त्यातही तेलकटपणा राहतो.

गॅरेजात पेट्रोलचा बोळा फिरवायची सवय आहे. पेट्रोल स्वतः तेलकट थर मागे ठेवतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर एबीएसला खातो. दोन्ही टाळा.

हे सगळं घासण्याच्या आधी करायचं, हे महत्त्वाचं. मळलेल्या प्लास्टिकवर सँडपेपर मारला की सिलिकॉन ओरखड्यांत दाबलं जातं आणि मग कुठल्याच द्रावणाला सापडत नाही. नवा, बाजारातून आणलेला पार्टही धुवायचा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेला रसायनाचा थर त्याच्यावर असतो. या क्षणापासून पट्टीला उघडा हात लावायचा नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला.

पेपर मारणं

गुळगुळीत पट्टी असेल तर करड्या रंगाचं स्कॉचब्राइट (घासायचं पॅड) आणि स्कफ पेस्ट (घासायची पेस्ट) पुरेशी आहे. चमक जाऊन एकसारखा मॅट पोत यायला हवा. कोपऱ्यांत आणि खाचांत बोटाच्या टोकानं फिरवा, कारण पापुद्रे तिथून सुटतात, मधून नाही. धुऊन झाल्यावर पाणी ओता: ते पसरून एकसंध पापुद्र्यासारखं थांबायला हवं. कुठे थेंब होऊन सरकत असेल तर तिथे अजून तेलकट काहीतरी शिल्लक आहे.

दाणे काढायचे असतील तर १८० नंबरनं सुरुवात करून ३२० वर या, खाली रबरी ब्लॉक धरून. पीपी रागीट आहे. कोरडं आणि जोरात घासलं की गरम होतं आणि घोंगडीसारखे तंतू उठतात. ते तंतू प्रायमरमधून वर येतात. ओल्या पेपरनं, हलक्या हातानं आणि वेळ काढून घासा. सगळे दाणे पूर्ण काढायची गरज नाही. टेकड्या सपाट झाल्या की उरलेले खळगे हायबिल्ड (जाड थराचा) प्रायमर भरतो.

खोल ओरखडे असतील तर बंपरची लवचीक पुट्टीच वापरा. मेटलची नेहमीची पॉलिएस्टर पुट्टी प्लास्टिकवर पहिल्याच धक्क्यात तडकते. मुळातून चिरलेली पट्टी मागून वेल्ड करून घ्यावी. आणि अपघातात तुटली असेल तर आधी विमा बघा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप असेल तर तो भार येत नाही.

टो हूकचं झाकण आधी

आता सगळ्या पट्ट्या पेंटरकडे देण्यापूर्वी फक्त टो हूकचं झाकण त्याच्याकडून पूर्ण करून घ्या. आगपेटीहून थोडं मोठं, बहुधा बंपरच्याच प्लास्टिकचं, आणि बिघडलं तरी कुणाचं पोट दुखत नाही. प्रमोटर, प्रायमर, बेस, क्लिअर, सगळं त्यावर. पूर्ण सुकल्यावर त्याच्या आतल्या कडेवर ब्लेडनं बारीक चौकटी कापा, चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चिकटपट्टीवर रंगाचे चौकोन आले तर कुठेतरी धुणं किंवा प्रमोटर कमी पडलं. काही आलं नाही तर झाकण बंपरवर बसवून शेड पण बघून घ्या. कार्डावर दिसलेली शेड आणि बंपरच्या वळणावर दिसणारी शेड यांत फरक असतो, तो इथेच कळतो.

गन कोणाच्या हातात

टूके क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा फवारा श्वासात गेला की दमा जडू शकतो आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की नंतर थोड्याशा संपर्कानंही त्रास होतो. कापडी मास्क, कोविडातला मास्क, यांचा काही उपयोग नाही. हवा बाहेरून पुरवणारा मास्क लागतो. शिवाय सोसायटीच्या बेसमेंटमध्ये सॉल्व्हंटची वाफ जमिनीलगत साठते, शेजारी कुणाची स्कूटर सुरू होते. आणि शेजारच्या काकांच्या पांढऱ्या गाडीवर तुमच्या लाल रंगाची धूळ बसली तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय ठरलाच. टूकेचे स्प्रे कॅनही मिळतात, तळाशी पिन दाबून हार्डनर मोकळा करायचा असतो. पण धोका तोच. बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोली, असलेला पेंटर शोधा.

पेंटरकडे जाताना पुढच्या गोष्टी बोलून घ्या.

प्रमोटरचा एक किंवा दोन अगदी पातळ हात. तो रंग झाकायला नसतो, दिसलाही नाही तरी चालेल. त्याच्यावर पुढचा थर किती वेळात चढवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं; जेवायला जाऊन दोन तासांनी आल्यावर मारलं तर पकड राहत नाही. घासताना प्रायमर फाटून कुठे प्लास्टिक उघडं पडलं तर तेवढ्या जागी परत प्रमोटर.

मग प्लास्टिकसाठीचा टूके प्रायमर. त्यात फ्लेक्स ॲडिटिव्ह (रंग लवचीक ठेवणारं मिश्रण) घालायचं की नाही, हे त्या कंपनीच्या तांत्रिक पत्रकावरून ठरवा. कडक, न वाकणाऱ्या चौकटीला त्याची गरज नसते. लवचीक लिपला असते. जास्त घातलं की क्लिअर मऊ राहतो आणि नख उमटतं. प्रायमर सुकला की ६०० आणि नंतर ८०० नंबर. क्लिपच्या टाचा आणि खाचा मास्क करायच्या, कारण तिथे रंगाचा थर बसला की पट्टी आपल्या जागेत नीट बसत नाही, जोर दिला की टाच तुटते.

बेसचे हात पातळ, दोन हातांमध्ये ओलसर चमक जाऊन मॅट होईपर्यंत थांबायचं. मेटॅलिकमध्ये शेवटी थोडं अंतर वाढवून एक कोरडा, हलका हात, म्हणजे कण सारखे पसरतात. पण मेटॅलिकमधली खरी मेख वेगळीच आहे. पट्टी गाडीवर ज्या कोनात बसते त्याच कोनात स्टँडवर टांगून ती रंगवली पाहिजे. टेबलावर आडवी ठेवून मारलेल्या पट्टीवर ॲल्युमिनियमचे कण वेगळे पडतात आणि गाडीवर उभी बसवल्यावर ती पट्टी एक छटा उजळ किंवा गडद दिसते. पेंटर शेडला दोष देतो, दुकानदार पेंटरला. डाव्या-उजव्या सगळ्या पट्ट्या एकाच डब्यातून, एकाच वेळी, गनचं सेटिंग न बदलता मारायच्या.

क्लिअरचे दोन हात. पहिला मध्यम, दुसरा ओला. बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास भाजतात. पातळ, लांब पट्टीला मधे आधार देऊन ठेवा, नाहीतर ऊब लागून ती झुकते आणि वाकडीच थंड होते.

कधी करावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही सकाळी अकराच्या आत नको, पट्टी थंडगार असते आणि दव धरते. एप्रिल-मे चालतो, पण चाळीशीच्या उन्हात थिनर गनमधून पट्टीवर पोचेपर्यंत उडून जातो आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. पेंटरला स्लो (सावकाश उडणारा) थिनर वापरायला सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये कंप्रेसरच्या नळीतून पाणी येतं, बेसवर पांढरट झाक येते. चांगल्या बूथमध्ये ड्रायर असतो म्हणून पावसाळ्यातही काम होतं, पण रस्त्यावरच्या गॅरेजात त्या दिवसांत करू नका.

परत बसवणं

भाजलेला क्लिअर हाताला कडक लागतो, तरी आतून मुरायला दिवस लागतात. शक्य असेल तर दोन दिवस पट्ट्या घरात, सावलीत ठेवा. बसवताना बंपरच्या कडेवर पिवळी मास्किंग टेप लावा, म्हणजे पट्टी सरकवताना एकमेकांना ओरखडा जाणार नाही. सगळ्या क्लिप आधी नुसत्या जागेवर आणा, मग एका टोकाकडून दाबत जा.

टेपवर बसणाऱ्या मोल्डिंगची जुनी टेप पूर्ण काढून ॲक्रिलिक फोमची नवी लावा. पाठीमागचं प्लास्टिक बहुधा पीपीच असल्यानं तिथेही टेपचा प्रायमर लागतो, हे हमखास विसरलं जातं. दाबून बसवल्यावर पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात; तेवढे दिवस प्रेशर वॉशर लांब ठेवा.

धुळीचे बारीक कण क्लिअरमध्ये अडकलेले दिसले तर काही दिवसांनी २००० नंबरच्या ओल्या पेपरनं हलकेच आणि मग कंपाउंडनं जातात. कडांवर मशीन लावू नका. तिथला थर पातळ असतो आणि मशीन क्षणात खालपर्यंत पोचतं.

जपणं

हवेवर सुकलेल्या रंगावर महिनाभर वॅक्स, सिरॅमिक, पीपीएफ काहीच नको. आतलं सॉल्व्हंट बाहेर यायला मोकळी वाट हवी असते. बूथमध्ये भाजलेल्यावर लवकर चालतं, किती लवकर ते रंगकंपनीच्या पत्रकाप्रमाणे. घाई करून फिल्म लावली तर खाली बुडबुडे येतात, आणि फिल्म कधी काढली तर ताजा रंगही तिच्याबरोबर निघून येतो.

पुढच्या बंपरच्या पट्ट्यांना पीपीएफ लावा, असं मी ठामपणे सांगेन. मुंबई-बंगळुरू बायपासवर ट्रकच्या चाकांतून उडणारी खडी, एक्स्प्रेसवेवरचा वेग आणि ताम्हिणीच्या रस्त्यावरचा सुटा मुरूम, याला सिरॅमिक कोटिंग काही करू शकत नाही. सिरॅमिकचा थर काही मायक्रॉनचा. त्याच्यानं पाणी घसरतं, घाण कमी धरते, बस. पीपीएफ साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म असते, ती दगडाचा धक्का खरोखर पोटात घेते आणि बारीक ओरखडे उन्हानं किंवा गरम पाण्यानं भरून निघतात. लावताना कड पट्टीच्या मागे वळवून घ्यायला सांगा. पट्टी उतरवलेली असतानाच लावून घेतली तर हे सहज होतं, म्हणून मुदत पाळून पट्ट्या बसवण्याआधी पीपीएफवाल्याकडे नेता आल्या तर सोन्याहून पिवळं. समोर कापलेली कड राहिली की सहा महिन्यांत तिच्यात काळी रेघ भरते. मागच्या पट्ट्यांना नुसतं वॅक्स किंवा सिरॅमिक पुरतं.

धुताना प्रेशर वॉशरचं नोझल हातभर लांब आणि सरळ धरा. पट्टीच्या फटीत तिरकं घुसवू नका. वाकड, उंड्रीसारख्या भागात टँकर आणि बोअरचं पाणी जड असतं, उन्हात धुतलं की पांढरे ठिपके बसतात आणि क्लिअरला खातात. सावलीत धुवा, लगेच मायक्रोफायबरनं टिपा. कबुतरांची घाण दिसली तर ओलं फडकं काही मिनिटं ठेवून मग उचला, घासू नका. आणि धुणाऱ्या मुलाला सांगून ठेवा, “बाळा, टायरचा स्पंज बंपरला नको.”

उरलेला बेस पेंटरकडून मागून घ्या, थिनर न घातलेला, नखपॉलिशएवढ्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून. बाहेर कोड, शेडचं कुठलं रूप, पर्लचे किती हात आणि तारीख लिहा. हार्डनर मिसळलेला क्लिअर साठवता येत नाही, तो त्याच दिवशी दगड होतो. खडीनं टवका गेला तर जागा पॅनेल वाइपनं पुसा, प्लास्टिक दिसत असेल तर काडीच्या टोकानं प्रमोटरचा ठिपका, त्यावर बेस, तो सुकला की टचअपचा क्लिअर. टवका दिसल्यापासून आठवड्याच्या आत केलं तर बरं, कारण पुढचा पाऊस त्याच कडेखाली शिरतो.